‘वि’ उपसर्गाचे दोन अर्थ

माझ्या एका स्नेह्यांच्या कपाटात एकेका चित्रपटाच्या दोन-दोन प्रती असत. एक पाहण्यासाठी, दुसरी न उघडण्यासाठी. ती दुसरी प्रत कंपनीने पाठवली तशीच पारदर्शक वेष्टनात उभी असे, आणि नवीन जालन्यातल्या त्यांच्या घरात पाऊल ठेवले की माझी दृष्टी आधी तिच्याकडे जाई. पाहण्याच्या प्रतीचा हेवा मला समजू शकत होता. ती मागितली तर ते देत, मी ती भोकरदनला आणून पाही आणि पुढच्या महिन्यात परत नेऊन देई. परंतु जी वस्तू कोणी पाहणारच नाही, तिच्यासाठी माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या, संध्या-पूजा करणाऱ्या माणसाचा जीव का तुटावा, याचे उत्तर मला सापडत नसे. जपाला बसलो असताना डोळ्यांपुढे इष्टदेवता यायच्या ऐवजी ते चकचकीत वेष्टन आलेले मी अनेकदा अनुभवले आहे.

मी भोकरदनच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. माझे स्वतःचे शिक्षण मात्र पाठशाळेतले. रूपे, कोश आणि स्तोत्रे घोकण्यात बालपण गेले. अशा माणसाने जुन्या चित्रपटांच्या डिस्क जमवाव्यात हे पुष्कळांना विचित्र वाटते. त्याचे कारण एक पुस्तिका आहे. निवृत्तीच्या वर्षी मुलाने मला एक प्लेअर आणून दिला आणि त्याच्याबरोबर एका जुन्या, दुरुस्त करून नव्याने काढलेल्या चित्रपटाची डिस्क दिली. ती कडक पुठ्ठ्याच्या पेटीत होती आणि आत चाळीसेक पानांची पुस्तिका होती. त्या चित्रपटाची रिळे कोणत्या तीन ठिकाणी सापडली, कोणत्या प्रतीत कोणता प्रसंग गळालेला होता, कोणता ओरखडा काढला आणि कोणता मुद्दाम राहू दिला, याचे सविस्तर निवेदन तीत होते. मी ते तीनदा वाचले. एका पोथीचे पान हरवलेले, दुसरीत लेखनिकाने ओळ दोनदा उतरवलेली, तिसरीला वाळवी लागलेली, आणि तिन्ही समोर ठेवून शुद्ध पाठ निश्चित करायचा: हे आमच्या गुरुजींचे आयुष्यभराचे काम होते. तेच काम दूर देशी कोणी चित्रांच्या बाबतीत करतो, आणि त्याच निष्ठेने करतो, हे पाहून मी मनोमन हात जोडले.

त्यानंतर अशा डिस्क मी जमवू लागलो. सात-आठ वर्षांत सतरा झाल्या. त्या पोथ्यांच्याच कपाटात, तांबड्या कापडात गुंडाळून ठेवतो. स्नान झाल्यावाचून त्यांना हात लावत नाही.

स्नेह्यांच्याकडे किती होत्या, ते मी कधी मोजले नाही. मोजण्याचे धैर्य झाले नाही. ते वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शाळेत शंभराऐवजी पन्नास गुणांचे अर्धे संस्कृत घेऊन मॅट्रिक झाले, आणि पुढे बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासण्याच्या कामावर राहून निवृत्त झाले. त्यांची मुलगी परदेशी असते. तिकडच्या लहान लहान कंपन्या मोजक्या प्रती काढून थांबतात, त्या निघाल्या दिवशी ती मागवते आणि येताना बॅग भरून आणते. माझ्या सतरा डिस्क जणू सतरा वर्षे शोधून मिळालेल्या. त्यांचे कपाट वर्षाला एका फळीने वाढे.

एकदा मीही परदेशातून एक डिस्क परस्पर मागवली होती. ती येईपर्यंत दीड महिना मी कोणाला बोललो नाही, कारण ती त्यांच्याकडे नव्हती. आली, तेव्हा शुचिर्भूत होऊन प्लेअरमध्ये घातली, आणि पडद्यावर सूचना आली की ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही. अशा डिस्कना देशाचे कुलूप असते हे मला ठाऊक नव्हते. शेवटी ती घेऊन मला त्यांच्याकडेच जावे लागले, कारण सर्व देशांचे कुलूप उघडणारा प्लेअर जिल्ह्यात त्यांच्याकडेच असावा.

“गुरुजी, परदेशी हाये ती,” ते हसत म्हणाले. “तिला भोकरदनचं पानी सोसंना. हितं ठिवा, मी सांभाळतो.”

आतून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही हसल्या. मीही हसलो. परतीच्या बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि ते वाक्य जाफराबाद फाट्यापर्यंत माझ्या कानांतून गेले नाही.

आता त्या चित्रपटाविषयी सांगितले पाहिजे, ज्याच्यामुळे हे सर्व लिहीत आहे. मी पाठशाळेत असताना जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवीत. आमच्या गुरुजींना चित्रपट निषिद्ध होता. परंतु एका आश्रमाची आणि तिथल्या ऋषींची कथा असलेला एक कृष्णधवल चित्रपट आला, तेव्हा ते स्वतः आम्हां अकरा मुलांना घेऊन गेले. चित्रपटाच्या शेवटी शिष्य उभे राहून गुरूंची स्तुती करणारे आठ संस्कृत श्लोक म्हणतात. ते सुरू होताच आमचे गुरुजी तंबूत उभे राहिले, म्हणून आम्हीही हात जोडून उभे राहिलो. मागच्या लोकांनी “बसा की रे, दिसून न्हाई राह्यलं” असा ओरडा केला, कोणी तरी चण्याची पुडी फेकली; पण आठवा श्लोक संपेपर्यंत गुरुजी बसले नाहीत. पुढे तो चित्रपट नाहीसाच झाला. त्याची एकही धड प्रत उरली नाही असे सर्व जण धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संग्रहालयात त्याची रिळे सापडली, आणि तिथल्याच एका कंपनीने ती दुरुस्त करून डिस्क काढण्याचे जाहीर केले. ही वार्ता मला स्नेह्यांकडून कळली, आणि कळली तेव्हा पुष्कळ पुढे गेलेली होती. त्यांनी कंपनीला ईमेल पाठवला होता. कंपनीने उत्तरात लिहिले होते की संवादांचा अनुवाद झाला आहे, शेवटच्या आठ श्लोकांचा अर्थ सांगणारे तिथे कोणी नाही, आपण साहाय्य कराल काय? आणि पन्नास गुणांचे संस्कृत घेतलेला हा गृहस्थ कोश उघडून बसला होता.

ज्या श्लोकांसाठी मी चण्याची पुडी पाठीवर झेलली, ते श्लोक त्यांच्या हाती गेले. माझा विचारही कोणाच्या मनात आला नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी देवघरात जाऊन बसलो, परंतु कोणतेही स्तोत्र ओठांवर येईना.

पंधरवड्याने, सकाळी अकराच्या सुमारास, ते बसने भोकरदनला आले. ते माझ्याकडे क्वचितच येत. नेहमी मीच जाई. ओट्यावर बसून पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून टाइप केलेली चार पाने काढली.

“तुम्हाला दाखविल्याबिगर धाडनार न्हाई,” ते म्हणाले. “कंपनी जल्दी करा म्हून राह्यली. पन म्हनलं, आधी गुरुजी.”

मी पाने वाचली. काम अपेक्षेपेक्षा फार चांगले होते, आणि ते चांगले आहे याचाच मला त्रास झाला. दोन ठिकाणी संबोधनाला त्यांनी प्रथमा समजले होते; ते मी दुरुस्त केले. सहाव्या श्लोकापाशी आलो. तेथे शिष्य आपल्या गुरूंना ‘विमत्सर’ म्हणतात, म्हणजे ज्यांच्या ठिकाणी मत्सर उरलेला नाही असे. स्नेह्यांनी इंग्रजीत जे लिहिले होते, त्याचा अर्थ ‘अतिशय मत्सरी’ असा होत होता.

मी पान खाली ठेवण्यापूर्वीच त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. “हितं जरा अडलो होतो, गुरुजी. ‘वि’ म्हंजे विशेष, बराबर? विख्यात, विशुद्ध. तसंच हे?”

मी म्हणालो, “‘वि’ या उपसर्गाचा ‘विशेष’ असा अर्थ होतो.”

व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही दोष नाही. त्याच उपसर्गाचा ‘गेलेला’, ‘नाहीसा झालेला’ असाही अर्थ होतो; विमल म्हणजे मळ नसलेला, विरक्त म्हणजे आसक्ती सुटलेला. हे मी आठवीच्या मुलांना तीस वर्षे सांगत आलो. त्या सकाळी अर्धे सांगून थांबलो. “मंग बराबर,” असे म्हणून त्यांनी पानांची घडी केली.

मी त्यांना स्थानकापर्यंत पोचवायला गेलो. जालन्याची बस लागलेली होती, पण सुटायला वेळ होता. आम्ही खिडकीपाशी उभे होतो. उन्हाची बाजू कोणती, डाव्या हाताला बसावे की उजव्या, हे सर्व मी त्यांना सांगितले. ते एक वाक्य सांगितले नाही. बस गेल्यावर मला जे वाटले त्याला आनंदच म्हणावे लागेल. कधी तरी कोणी जाणकार ही ओळ वाचील, हसेल आणि विचारील की भोकरदनला गुरुजी असताना हे काम कोणाला दिले? एवढीच माझी इच्छा होती. तिकडे कंपनीत कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. त्यांच्या बायबलमध्ये देवच स्वतःला मत्सरी म्हणवतो असे मी ऐकून होतो. तेव्हा एखादे ऋषी मत्सरी असले तर त्यांना त्यात वावगे काय दिसणार?

डिस्क निघायला सात महिने लागले. एवढ्या अवधीत मी फोन करू शकलो असतो. दर महिन्याला त्यांच्या घरी जातच होतो. ते म्हणत, “तुमच्या श्लोकांचं काम पार पडलं.” ‘तुमच्या’ हा शब्द मी शिष्टाचाराचा समजत होतो.

एका बुधवारी त्यांचा फोन आला. डिस्क आली आहे, उद्या या, गुरुवार आहे, तुमचा वार आहे. मी गेलो, तेव्हा वहिनींनी दारातच गाऱ्हाणे केले. “भाऊजी, चार दिस झाले, तो डब्बा टेबलावर ठिवलाय. मला पुसू बी देईनात. तुमी आल्याबिगर फोडायचा न्हाई म्हने.”

त्यांनी पेटी माझ्या हाती दिली आणि उघडायला सांगितले. मी वेष्टन काढले. पुस्तिका काढून दिली तर ती घेईनात. शेवटचे पान पाहा, म्हणाले. शेवटच्या पानावर आभार होते. त्यात माझे नाव होते, गावासह, एकाही अक्षराची चूक नसलेले, आणि त्यापुढे लिहिले होते की संस्कृत श्लोकांचा अर्थ यांनी दिला. स्नेह्यांचे नाव मी वरपासून खालपर्यंत शोधले. ते कोठेही नव्हते.

“मी फकस्त टाइप केलं,” ते म्हणाले. “संस्कृत तुमचं. दुसऱ्या कोनाचं नाव टाकनार?”

मग त्यांनी पडदे ओढले आणि चित्रपट सुरू केला. तंबूत पाहिला होता तेव्हा त्या चित्रावर सतत रेघा पडत, ऋषींचा चेहरा कापडाला पडलेल्या घडीत नाहीसा होई. आता समिधेच्या सालीवरचे खवलेही दिसत होते. होमाची ज्वाला काळ्या-पांढऱ्या रंगात इतकी जिवंत असू शकते याची मला कल्पना नव्हती. मी यांतले काहीही सुखाने पाहिले नाही. मी सहाव्या श्लोकाची वाट पाहत होतो.

शिष्य उभे राहिले. पहिला श्लोक, दुसरा, तिसरा. स्नेही पुढे सरकून बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “आल्या बघा, तुमच्या वळी.” सहावा आला. ऋषींच्या जोडलेल्या हातांखाली, पांढऱ्या स्वच्छ अक्षरांत, ती इंग्रजी ओळ आली.

“थांबवा,” मी म्हणालो.

त्यांनी रिमोटने चित्र थांबवले. ओळ तशीच राहिली.

“हा अर्थ चुकलेला आहे. विमत्सर म्हणजे ज्याच्या ठिकाणी मत्सर नाही असा.”

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. “आता ध्यानात आलं का तुमच्या?”

“नाही. ओट्यावरच आले होते.”

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या. स्नेह्यांनी विचारले, “मी इचारलं होतं न्हं तुम्हाला?”

“विचारलेत तेवढ्याचेच उत्तर दिले.”

“का पन?”

यावर सांगण्यासारखे अनेक शब्द मला येत होते. त्यांतला सर्वांत साधा मी उच्चारला. म्हणालो, “मला तुमचा हेवा वाटतो.”

“कशाचा? ह्या डब्ब्यांचा?” त्यांनी कपाटाकडे पाहिले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, मी उभी नोकरी बियानं तपासन्यात घातली. न उगवनारं बी कधी पोत्यात जाऊ दिलं न्हाई. कोन्ही इचारलं नसतं, तरी न्हाई.”

मी चहा घेतला नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. उरलेले दोन श्लोक त्या दिवशी कोणी ऐकले नाहीत.

घरी आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिले आणि शाळेतल्या संगणकावरून पाठवले. चूक माझी आहे, ती माझ्या लक्षात आलेली असताना मी राहू दिली, माझे नाव काढावे, असे स्पष्ट लिहिले. कंपनीचे उत्तर अत्यंत सौम्य होते. जो मागेल त्याला दुरुस्त डिस्क बदलून मिळेल. पुस्तिका छापून गेल्या आहेत, त्यातले नाव आता काढता येणार नाही. दुरुस्त डिस्क मला महिन्याभरात आली. स्नेह्यांनी आपली बदलून मागितली नाही. वहिनींनी फोनवर एवढेच कळवले की ते म्हणतात, मी आहे तीच ठेवणार.

दोन महिने मी जालन्याला गेलो नाही. या काळात मला वाटले होते की लज्जा आली म्हणजे हेवा जाईल. एका आसनावर दोघे कसे बसतील? परंतु दोघेही बसले. केवळ हेव्याचा विषय बदलला. कपाट मागे पडले, आणि मला त्यांच्या त्या उभ्या नोकरीचा हेवा वाटू लागला, कोणी न विचारता बी बाजूला काढणाऱ्या त्या हाताचा. हा हेवा पहिल्यापेक्षा जड आहे, कारण ही वस्तू परदेशातून मागवता येत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः बोलावले. त्याच कंपनीचा आणखी एक जुना चित्रपट येत आहे, त्यातही श्लोक आहेत. मी गेलो. पाने टेबलावर होती, पण त्यांवर लाल शाईत दुसऱ्या कोणाचे तरी अक्षर होते. टेंभुर्णीच्या शाळेत एक बाई आहेत, पाली आणि संस्कृत दोन्ही शिकलेल्या, असे त्यांनी सांगितले. पाने त्यांच्याकडे नेली होती.

“सहा चुका काढल्या तिनं,” ते म्हणाले. “लई बारीक बघती. न इचारलेलं बी सांगती.”

“आवो, पुरं आता,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मी पाने हाती घेतली. खरे सांगायचे तर चूक शोधण्यासाठीच घेतली. टेंभुर्णीच्या बाईंना मी पाहिलेले नाही, तरी त्यांच्या त्या लाल, गोल, न घाबरणाऱ्या अक्षरांची मला असूया वाटली. चारही पाने वाचून झाली. कोठे बोट ठेवायला जागा नव्हती. केवळ एका ओळीपाशी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलेले होते. तिथे ‘अक्षर’ हा शब्द होता. तो ‘वर्ण’ या अर्थाने घ्यावा की ‘अविनाशी’ या अर्थाने, हे नुसत्या पानावरून ठरत नव्हते.

“तेवढं तिला उलगडलं न्हाई,” स्नेही म्हणाले. “म्हनली, जुन्या पाठशाळेतल्या कोन्हाला तरी दाखवा. आता मला तसं मानूस एकच ठाऊक हाये.” ते माझ्याकडे न पाहता बोलले.

मला पाहताक्षणी कळले होते. मुलाला पहिल्यांदा तांदळाच्या ताटात बोटाने गिरवायला बसवतात, त्या वेळी म्हणायच्या धाटणीचा तो श्लोक होता; आमच्या पाठशाळेत अशा श्लोकांची चाल वेगळी असे. तेव्हा तिथे अर्थ ‘वर्ण’ हाच घ्यायचा. परंतु त्यामागे ‘अविनाशी’ हा अर्थही पुसट ऐकू येतो, आणि श्लोक रचणाऱ्याला तो ऐकू यावा असेच वाटत असले पाहिजे. यातले काही तरी एक सांगून मी उठू शकलो असतो. मी कोरा कागद मागितला. दोन्ही अर्थ लिहिले, प्रमुख कोणता, गौण कोणता, तसे का, चाल कोणती, मुलाच्या बोटापाशी कोणता शब्द येतो, हे सर्व लिहिले. एक बाजू संपली, तेव्हा कागद उलटला.

स्नेह्यांनी तो पूर्ण वाचला. दोनदा वाचला. मग विचारले, “नाव कोनाचं धाडू?”

“बाईंचे.”

“तुमचं न्हाई?”

“नाही.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि वहिनींना चहा आणायला सांगितला. या वेळी मी तो घेतला. पुस्तिका अजून छापून आलेली नाही. ती येईल, तेव्हा शेवटच्या पानावर मला त्या बाईंचे नाव वाचावे लागेल, आणि त्या नावाचा हेवा मला आजच वाटू लागला आहे. परंतु ‘अक्षर’ या शब्दापुढे त्यांना जे हवे होते, ते सर्व मी दिले आहे. काही मागे ठेवलेले नाही.